पहिलटकरीण, वजन ९३ किलो: एका गरोदरपणाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुणा एका स्त्रीचं नाही. पुण्यातल्या प्रसूतिगृहांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे, त्यामुळे कुणाची ओळख शोधायला जाऊ नये. औषधांचे डोस, तपासण्यांच्या मर्यादा आणि आठवडे मात्र प्रचलित वैद्यकीय मार्गदर्शनानुसारच आहेत. डोस वाचून स्वतः गोळी सुरू करायची नाही, हे सांगायला नकोच.

वय ३२, राहायला धायरीत, लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी. उंची १५६ सेंमी, वजन ९३ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३८.२. पाळी आधीपासून अनियमित, पीसीओएसचं (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाचं) निदान पाच वर्षांपूर्वीचं. गर्भ उपचारांशिवाय राहिला. आईला मधुमेह. सातव्या आठवड्यात, ऐन श्रावणात, पहिली तपासणी झाली.

या बाईंच्या केस पेपरवर पहिल्याच दिवशी तीन ओळी होत्या: "स्थूलता", "बीपी १४६/९२", "वजन कमी करावे". पहिली खरी, दुसरी चुकीची, तिसरी गरोदर स्त्रीला द्यायचा सल्लाच नव्हे. पुढच्या आठ महिन्यांत जे चांगलं घडलं ते या तीन ओळी एकेक करून सोडवल्यामुळे.

बीपीचा पट्टा

१४६/९२ हा आकडा नेहमीच्या पट्ट्याने घेतलेला होता. नेहमीचा प्रौढांचा पट्टा २७ ते ३४ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. यांच्या दंडाचा घेर, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने मोजला तर, ३८ सेंमी भरला. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद लागते. ती तोकडी पडली की धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि यंत्र रक्तदाब खऱ्यापेक्षा वर दाखवतं. मोठा पट्टा, ३५ ते ४४ सेंमीचा, लावून दहा मिनिटांनी मोजलं तेव्हा आकडा आला १२८/८२.

फरक नुसता कागदावरचा नाही. विसाव्या आठवड्याआधी १४०/९० च्या वर आकडा टिकून राहिला तर "आधीपासूनचा उच्च रक्तदाब" असा शिक्का बसतो, गोळी सुरू होते आणि पुढे प्रसूती कधी करायची याचा सगळा हिशेब बदलतो. उलट सुरुवातीचा आकडा चुकीने वर असला, तर सदतिसाव्या आठवड्यात खरोखर वाढलेला रक्तदाब "हे तर पहिल्यापासूनच होतं" म्हणून नजरेतून सुटू शकतो.

प्रत्येक दवाखान्यात मोठा पट्टा हाताशी असेलच असं नाही. "सिस्टर, मोठा कफ आहे का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. नसेल तर स्वतःचं दंडावरचं डिजिटल यंत्र घ्यावं, मात्र खोक्यावर पट्ट्याची मर्यादा सेंमीमध्ये छापलेली असते ती वाचून. २२ ते ३२ लिहिलेलं उपयोगाचं नाही, २२ ते ४२ चालेल. मनगटावरचं यंत्र टाळावं. मोजण्याआधी लघवी करून यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं आणि दंड छातीच्या पातळीवर राहील असा हात टेबलावर ठेवावा. स्कूटर लावून, दोन जिने चढून आल्याबरोबर घेतलेला आकडा धरायचा नाही.

"वजन कमी करावे"

घरी गेल्यावर या ओळीचा व्हायचा तो परिणाम झाला. बाईंनी रात्रीचं जेवण सोडून फळांवर राहायला सुरुवात केली. त्यात सकाळी उलट्या, त्यात श्रावणी सोमवार. दहाव्या दिवशी चक्कर आली म्हणून लघवी तपासली, तर कीटोन दोन प्लस. शरीराला पुरेसं पिष्टमय अन्न मिळत नाही, म्हणून ते चरबी जाळतं आहे, याची ही खूण. गरोदरपणात मुद्दाम वजन उतरवण्याची शिफारस नाही. वजन घटवायचं ते गर्भ राहण्याआधी किंवा बाळंतपणानंतर. गरोदरपणात प्रश्न एवढाच, की ते किती वाढू द्यायचं.

त्याचं उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेला तक्ता आपल्याकडेही अनेक डॉक्टर वापरतात. त्यानुसार बीएमआय ३० किंवा जास्त असेल तर नऊ महिन्यांत एकूण ५ ते ९ किलो वाढ अपेक्षित आहे: पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो आणि नंतर आठवड्याला साधारण २२० ग्रॅम. इथे एक गोंधळ होतो. भारतीयांसाठी स्थूलता बीएमआय २५ पासूनच धरतात, कारण आपल्याकडे त्याच वजनाला पोटावरची चरबी आणि मधुमेहाचा धोका जास्त असतो. वाढीचा हा तक्ता मात्र जागतिक वर्गवारीवर, म्हणजे ३० या आकड्यावर बेतलेला आहे. बीएमआय २७ असलेल्या बाईने स्वतःला "स्थूल" समजून ५ किलोंवर थांबायचा हट्ट धरू नये. तिच्यासाठी ७ ते साडेअकरा किलो आहेत.

यांचं वजन असं गेलं: सातव्या आठवड्यात ९३, तेराव्यात ९१.४, विसाव्यात ९२.५, अठ्ठाविसाव्यात ९५, छत्तिसाव्यात ९७.६, प्रसूतीच्या दिवशी ९८.२. सुरुवातीची घट उलट्यांची होती, तिचं कौतुक करायचं कारण नव्हतं. आणि एका परिचारिकेने ते केलंच: "छान, कमी झालंय!" अशा शाबासकीनेच बायका पुन्हा जेवण सोडतात.

वजन एकाच काट्यावर, चपला काढून, शक्यतो त्याच वेळी करावं. घरचा काटा, दवाखान्यातला आणि लॅबमधला यांच्यात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो, आणि आठवड्याच्या २२० ग्रॅमच्या हिशेबात तो फरक सगळं बुडवतो. बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा पुकारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. "मोठ्याने सांगू नका, कार्डावर लिहा" असं म्हणता येतं आणि ते ऐकलंही जातं.

ताटाचा हिशेब

घरात सासूबाईंचं म्हणणं "दोन जिवांचं खा", केस पेपरचं म्हणणं "कमी करा". दोन्ही बाजूला ठेवून आहारतज्ज्ञ बाईंनी ताट मांडलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत गरोदरपणासाठी रोज ३५० किलोकॅलरी जादा धरल्या आहेत. साधारण एक मध्यम भाकरी, वाटीभर उसळ आणि पाऊण कप दूध, एवढंच. शिवाय तो आकडा ५५ किलोच्या स्त्रीला समोर ठेवून काढलेला आहे. म्हणजे ९३ किलोंना "दोन जिवांचं" ताट नको, आहे त्याच ताटात प्रथिनं वाढवायची आणि साखर-तळण काढायचं.

बदल साधे होते. चहा दिवसाकाठी चार वेळा, दर खेपेला दोन चमचे साखर, म्हणजे रोज ४० ग्रॅम साखर चहातच. तो दोन वेळा, अर्ध्या चमच्यावर आणला. दुपारी तीन पोळ्या आणि भात होता, त्या जागी दोन पोळ्या, घट्ट वरणाची मोठी वाटी, कोशिंबीर आणि ताक. भात हवाच असेल त्या दिवशी एक पोळी कमी. रात्री ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, मटकी किंवा मुगाची उसळ. भाकरी म्हणजे मोकळं रान नव्हे: मोठ्या परातीत थापलेली एक भाकरी दोन-अडीच फुलक्यांच्या पिठाची असते आणि साखर तितकीच चढवते. तूप चमचाभर ठेवलं, त्यात ४५ किलोकॅलरी. ते पूर्ण बंद करायला लावलं की घरात रोज वाद, आणि हाती फारसं काही लागत नाही.

उपवासाचं मात्र स्पष्ट सांगावं लागलं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. उपवास करायचाच असेल तर राजगिरा, वरई थोडी, दही, दाण्याची आमटी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, तेही जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, कारण साखरेवर त्याचाच परिणाम जास्त. सिंहगड रस्त्याच्या कडेने चालणं गरोदर बाईला सुचवण्यासारखं नाही, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या आणि रविवारी सारसबाग. तळजाईचा चढ पाचव्या महिन्यानंतर सोडला. बोलताना वाक्य पुरं करता येईल इतकाच वेग. धाप लागून शब्द तुटायला लागले की तो जास्त झाला.

गोळ्या: कोणती, कधी, का

फॉलिक ॲसिड बीएमआय ३० च्या वर असेल तर अनेक तज्ज्ञ ५ मिलिग्रॅम देतात, एरवीच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या जागी, कारण या वजनगटात बाळाच्या मज्जारज्जूचे दोष किंचित जास्त आढळतात. खरं तर ते गर्भ राहण्याआधी महिनाभर सुरू हवं. इथे सातव्या आठवड्यात सुरू झालं, तोवर मज्जानलिका, जिच्यातून मज्जारज्जू घडतो, ती बंद होऊन गेलेली असते. तरी बाराव्या आठवड्यापर्यंत दिलं.

ॲस्पिरिनवरून घरात बराच खल झाला. पहिलं गरोदरपण आणि बीएमआय ३५ च्या वर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की गरोदरपणातला गंभीर रक्तदाब, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, होण्याचा धोका इतका वाढतो की कमी डोसचं ॲस्पिरिन देणं योग्य ठरतं. बाराव्या आठवड्यापासून रात्री १५० मिलिग्रॅम, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. सोळाव्या आठवड्यानंतर सुरू केलं तर उपयोग घटतो, म्हणून "पुढच्या वेळी बघू" इथे चालत नाही. नात्यातल्या कुणीतरी "रक्त पातळ करणारी गोळी, बाळ पडेल" म्हणाल्यामुळे पहिले सहा दिवस ती घेतलीच गेली नव्हती. या डोसने गर्भपात होत नाही, हे नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही समोर बसवून सांगितल्यावर गोळी नियमित झाली.

चौदाव्या आठवड्यापासून लोहाची एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये निदान दोन तास. लोहाच्या गोळीवर चहा नको.

सोनोग्राफी आणि रक्ताचे अहवाल

पोटावरच्या चरबीतून ध्वनिलहरी क्षीण होत जातात, त्यामुळे चित्र धूसर येतं. यात बाईची चूक नाही आणि सोनोलॉजिस्टचीही नाही, पण त्यासाठी वेळ जास्त धरावा लागतो. बाराव्या आठवड्यातली एनटी सोनोग्राफी, म्हणजे बाळाच्या मानेमागचा थर मोजणारी, पोटावरून जमली नाही, योनीमार्गे केल्यावर मापं स्पष्ट मिळाली. हे लागू शकतं असं आधी सांगितलं तर बाई दचकत नाही. इथे सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात डबल मार्करची, म्हणजे दोन द्रव्यं मोजून गुणसूत्रांच्या दोषांचा धोका सांगणारी, रक्ततपासणी. लॅबच्या अर्जावर वजन ७३ लिहिलं गेलं होतं. वजन जास्त असेल तर रक्ताचं प्रमाण जास्त, त्यात गर्भाकडून आलेली द्रव्यं जास्त पातळ होतात, आणि संगणक वजनानुसार ती दुरुस्ती करतो. वीस किलो कमी लिहिले की दुरुस्ती अपुरी पडते, दोन्ही पातळ्या खऱ्यापेक्षा कमी दिसतात आणि धोक्याचं गुणोत्तर बदलतं. अहवाल "मध्यम धोका" आला, वजन सुधारून पुन्हा हिशेब केल्यावर "कमी धोका". रक्त पुन्हा द्यावं लागलं नाही, फक्त लॅबला फोन. अर्जावरचं वजन, जन्मतारीख आणि सोनोग्राफीची तारीख सही करण्याआधी स्वतः वाचावी.

हीच अडचण एनआयपीटी या गर्भाच्या डीएनएच्या रक्ततपासणीतही येते. वजन वाढतं तसं आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएचं प्रमाण घटतं आणि "निष्कर्ष नाही" असं उत्तर येण्याची शक्यता वाढते. ती तपासणी करायचीच असेल तर दहाव्या आठवड्याला धावण्यापेक्षा बारा-तेरापर्यंत थांबलेलं बरं. यांना ती लागली नाही.

एकोणिसाव्या आठवड्याच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळाचे अवयव पाहणाऱ्या सोनोग्राफीत, हृदयाचे कप्पे आणि पाठीचा कणा पुरेसे दिसले नाहीत. अहवालात "मर्यादित दृश्य" असं लिहून आलं. अशा अहवालाचा अर्थ "सगळं ठीक" असा होत नाही. तपासणी अर्धी राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ. एकविसाव्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. डाव्या कुशीवर वळवून, पोटाची घडी हाताने वर धरून खालून, आणि बेंबीतून, जिथे चरबीचा थर सर्वांत पातळ असतो, अशा तीन जागांवरून पाहिल्यावर सगळं दिसलं आणि नीट होतं. दुसरी भेट लांबवू नये, याला कायद्याचंही कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात ठरावीक परिस्थितींसाठी २४ आठवड्यांची मर्यादा आहे आणि त्यापुढे, गर्भात गंभीर दोष असेल तर, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनेच तो करता येतो. धूसर अहवाल हातात घेऊन तेविसाव्या आठवड्यापर्यंत थांबलं तर निर्णयाला वेळच उरत नाही.

पोटाची उंची टेपने मोजून बाळाची वाढ ओळखणं या बीएमआयला भरवशाचं नसतं. म्हणून २८, ३२ आणि ३६ आठवड्यांना वाढीची सोनोग्राफी ठेवली.

साखर

आपल्याकडची सरकारी पद्धत सोपी आहे. उपाशी असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिली तपासणी पहिल्या भेटीतच, दुसरी २४ ते २८ आठवड्यांत. पहिली ठीक आली म्हणून दुसरी टाळायची नाही. इथे नेमकं तेच दिसलं: आठव्या आठवड्यात ११८, पंचविसाव्या आठवड्यात १५२.

या चाचणीत चुका ठरलेल्या असतात. १०० ग्रॅमची पुडी आख्खी ओतली जाते. दोन तास काढायला बाई बाहेर फेरफटका मारून येते आणि आकडा खाली येतो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी बाद, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. अर्ध्या तासानंतर झाली तर चालू ठेवायची.

दोन आठवडे फक्त आहार आणि चालणं. घरी ग्लुकोमीटरवर दिवसातून चार आकडे: सकाळी उपाशी आणि तिन्ही खाण्यांनंतर दोन तासांनी. लक्ष्य उपाशीपोटी ९५ च्या आत आणि दोन तासांनी १२० च्या आत. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं ते लिहायचं, नाहीतर आकडे नुसतेच साठतात. संत्रं सोलून हात न धुता टोचलं आणि १८३ आलं, असं एकदा झालंच.

वहीतून दोन गोष्टी वर आल्या. नाश्त्यानंतर १४६ ते १५५. सकाळी शरीरातली संप्रेरकं इन्सुलिनच्या विरोधात जास्त जोर लावतात, त्यामुळे दुपारी पचून जाणारे तेवढेच पोहे सकाळी साखर चढवतात. पोहे निम्मे करून त्यात मोड आलेली मटकी आणि सोबत दही, किंवा मुगाची दोन धिरडी, नाहीतर दोन अंडी आणि एक फुलका, असं केल्यावर नाश्त्यानंतरचा आकडा ११० ते ११८ वर आला. दुसरी गोष्ट आहाराने सुटली नाही. उपाशीपोटीचा आकडा ९७ ते १०१. रात्री यकृत स्वतःच साखर सोडत असतं आणि वजनामुळे इन्सुलिनचा त्यावर पुरेसा लगाम राहत नाही. अशा वेळी बाया रात्रीचं जेवण आणखी कमी करतात, त्याने आकडा उतरत नाही, कीटोन मात्र येतात. इथे मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध सुरू केलं: रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅम, आठवड्याने सकाळीही ५००. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतं, हे सांगून आणि इन्सुलिनचा पर्याय समोर ठेवूनच. उपाशीपोटी ८८ ते ९३ वर स्थिरावलं. नसतं आलं तर झोपतानाचं इन्सुलिन ठरलेलं होतं, आणि इन्सुलिन लागणं म्हणजे पथ्य मोडल्याची शिक्षा नव्हे.

संक्रांत आणि डोहाळजेवण एकाच आठवड्यात आले. गुळाची पोळी चतकोर, जेवणाच्या शेवटी, भात न घेता, आणि नंतर पंधरा मिनिटं फेऱ्या. आकडा १२६. एका दिवसाच्या १२६ वरून कुणी औषध वाढवलं नाही, तेच बरोबर.

रुग्णालय निवडताना

सातव्या महिन्यात माहेरी, साताऱ्याला, जायचं घाटत होतं. तिथे जवळ चोवीस तास भूलतज्ज्ञ असलेलं रुग्णालय नसल्यामुळे बेत बदलला आणि आईच धायरीला आली. पुण्यातही अनेक छोट्या प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावतात. दिवसा ते निभतं, रात्री तीन वाजता अर्धा तास फार मोठा ठरतो. विचारायचं ते थेट विचारावं: भूलतज्ज्ञ रात्री इमारतीत असतात का? ऑपरेशन टेबलाची क्षमता किती किलोंची? पाठीतून भूल देण्याची लांब स्पायनल सुई ठेवलेली असते का? रक्तपेढी किती अंतरावर? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का? टाळाटाळीची उत्तरं मिळाली तर बत्तिसाव्या आठवड्याआधी जागा बदलता येते, नंतर कुणी सहज घेत नाही.

खर्च झेपत नसेल तर ससून किंवा महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते, जोखमीच्या गरोदरपणाला कार्डावर लाल स्टिकर लावतात. लाल स्टिकर पाहून घाबरायला होतं, पण त्यानेच पुढच्या ठिकाणी लक्ष वेधलं जातं.

चौतिसाव्या आठवड्यात भूलतज्ज्ञांची भेट झाली. मान, जबडा, तोंड किती उघडतं, रात्री घोरणं आणि श्वास अडकणं, कंबरेचे मणके हाताला लागतात का, हे सगळं शांतपणे तपासलं. नेहमीची स्पायनल सुई साधारण ९ सेंमीची, त्याऐवजी १२ सेंमीची लागू शकेल अशी नोंद केली. कळांच्या सुरुवातीलाच एपिड्युरल, म्हणजे कंबरेत बारीक नळी घालून वेदना थांबवणारं औषध, घ्यावं, असा सल्ला दिला. त्याचं कारण वेदनेइतकंच सुरक्षिततेचं आहे: ऐनवेळी सिझर ठरलं तर त्याच नळीतून औषध वाढवता येतं आणि पूर्ण भूल टळते. या वजनाला पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाऊ शकतं.

प्रसूती

सदतीस आठवडे आणि चार दिवसांना घरच्या यंत्रावर १४४/९२ आलं. रुग्णालयात चार तासांच्या अंतराने दोनदा, मोठ्याच पट्ट्याने, १४२ च्या वर. लघवीत प्रथिन नाही, प्लेटलेट, यकृत, क्रिएटिनिन ठीक. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीच्या खाली उजवीकडे दुखणं, यांपैकी काही नाही, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया नव्हे. रक्तदाबाची गोळी, लॅबेटॅलॉल १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा सुरू केलं आणि औषधावरची साखर आणि नव्याने वाढलेला रक्तदाब दोन्ही धरून अडतिसाव्या आठवड्यात कळा आणायचं ठरलं.

रात्री गर्भाशयाचं मुख उघडायला त्यात फोलीचा फुगा, सकाळी तो सुटला तेव्हा मुख ४ सेंमी. पाणमोट फोडली, कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन सुरू, एपिड्युरल त्याच वेळी. नळी घालायला दोन प्रयत्न लागले, घाई नसल्यामुळे ते निभलं. ४ ते ६ सेंमी व्हायला नऊ तास गेले. वजन जास्त असलेल्या स्त्रियांत हा टप्पा हळू सरकतो, आणि नेमक्या इथेच "पुढे सरकत नाही" म्हणून लवकर सिझर होतात. ६ सेंमीच्या आत, बाळाचे ठोके ठीक असताना, फक्त वेळ लागतो म्हणून कापायचं कारण नसतं. डॉक्टर थांबले. पुढे ७ सेंमीला मात्र चांगल्या कळा असूनही चार तासांहून जास्त काही हललं नाही, बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे वळलेली. तेव्हा सिझर. एपिड्युरलमधूनच भूल वाढवली.

चिरेच्या आधी सेफाझोलिन हे प्रतिजैविक २ ग्रॅम (१२० किलोंच्या वर असतं तर ३). चरबीचा थर दोन सेंमीहून जाड असल्यामुळे तो वेगळा शिवला, नाहीतर आत पाणी साठतं. बाळ ३.२ किलो. सोनोग्राफीचा अंदाज ३.५ होता. या वजनगटात अंदाज असा चुकतो, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर "बाळ मोठं आहे, आधीच सिझर करू" ठरवू नये. बाळाची साखर पहिल्या तासात ५२, मग दर चार तासांनी स्थिर. ४५ च्या खाली गेली असती तर उपचार लागले असते.

सव्वा महिना

एपिड्युरलची नळी काढल्यावर ठरलेलं अंतर ठेवून रक्ताची गाठ टाळणारं एनोक्सापॅरिन ६० मिलिग्रॅम रोज, दहा दिवस. वजन ९० च्या वर असल्यामुळे नेहमीचं ४० पुरत नाही. पायात गाठ होण्याचा धोका बाळंतपणानंतरच सर्वांत जास्त असतो, त्यात वजन आणि कळांनंतरचं सिझर. इंजेक्शन पोटाच्या कडेला द्यायला नवऱ्याला शिकवलं. पोटरी एकाच बाजूला सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर फोन नाही, थेट रुग्णालय.

रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पुन्हा चढतो. पाचव्या दिवशी १५२/९६ आलं, गोळी वाढवली, तीन आठवड्यांनी ती बंद झाली.

दूध चौथ्या दिवशी उतरलं. तोवर चीक हाताने वाटीत काढून चमच्याने पाजला. या वजनाला आणि सिझरनंतर अनेकदा उशीर होतो, दूध "नाही" असा त्याचा अर्थ नसतो. मांडीवर घेऊन पाजताना टाक्यांवर भार येत होता, म्हणून बाळ काखेत, पाय मागे, खाली उशी, असं धरल्यावर जमलं.

जखमेचं खरं दुखणं पोटाच्या घडीचं. शेक-शेगडी आणि पोट कापडाने घट्ट बांधणं सुरू झालं तशी घडीत घाम साचून टाक्यांच्या एका टोकाला आठव्या दिवशी पाणी आलं. बांधणं थांबवलं. आंघोळीनंतर वेगळ्या टॉवेलने टिपून, घडीत धुतलेल्या मऊ सुती कापडाची पट्टी, दिवसातून तीनदा बदलायची, पावडर नाही. बाईला स्वतःची जखम दिसत नाही, म्हणून रोज आरशात किंवा आईने पाहायचं. वास, लाली, १००.४ च्या वर ताप यांवर नजर. प्रतिजैविक न लागता पंधराव्या दिवशी कोरडी झाली.

मेटफॉर्मिन प्रसूतीबरोबर थांबलं. डिंकाचा लाडू रोज एक, तोही छोट्या लिंबाएवढा, आणि अळिवाची खीर गूळ बेताने. आईला हे पटवायला एक ग्लुकोमीटरचा आकडा पुरला.

सहाव्या आठवड्यात पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी: दोन तासांनी १४८. मधुमेह नाही, पण त्याच्या अलीकडची पायरी. ही तपासणी बाळाच्या लसीच्या दिवशीच लावून घेतली होती, नाहीतर ती बहुतेकदा राहून जाते. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या बीएमआय ३५ च्या वर शक्यतो टाळतात, म्हणून तांबी बसवली. वजन ९१.५. आता उतरवायला हरकत नव्हती, दूध तुटणार नाही अशा बेताने, महिन्याला किलो-दीड किलो. साखर दरवर्षी तपासायची, आणि पुढची खेप ठरवली तर पाळी चुकण्याची वाट न पाहता महिनाभर आधीपासून फॉलिक ॲसिड.